प्रेमाचा त्रिकोण आणि तिसऱ्या कोनात बसलेली जात

प्रेमकथेचा शेवट समाधानकारक झाला असे केव्हा म्हणायचे? आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात हा प्रश्न कशाला, असे आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना वाटेल. शिष्यवृत्त्या रखडतात, अनुशेषाच्या जागा भरल्या जात नाहीत, अत्याचाराचा गुन्हा नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यासमोर ठिय्या द्यावा लागतो, आणि तुम्हाला प्रेमाचे त्रिकोण सुचतात? होय, सुचतात. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात कशावर उभी आहे, तर बेटीबंदीवर, हे त्यांनी त्या निबंधात मांडले. रोटीबंदी, शिवाशीव, धंद्याची सक्ती हे सारे नंतरचे. मुळात कोणी कोणाशी लग्न करायचे याला घातलेले कुंपण म्हणजे जात. हे एकदा पटले की तरुण मुलामुलींचे प्रेम आणि त्या प्रेमाचा शेवट ही दोन जिवांची खासगी बाब राहत नाही. त्या शेवटात व्यवस्थेचा निकाल लिहिलेला असतो.

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले गाव. ऑगस्ट २०२३ पर्यंत जिल्ह्याबाहेर हे नाव फारसे कोणाच्या कानावर नव्हते. २९ ऑगस्टला तिथे मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला पोलिसांचा लाठीमार झाला आणि गावाचे नाव देशभर गेले. जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. एकाच तालुक्यात, हाकेच्या अंतरावर म्हणावे असे दोन मंडप. त्या मागण्यांची चर्चा या लेखात करायची नाही. आम्हाला एवढेच नोंदवायचे आहे की जिथे दोन वर्षे माणसाची पहिली ओळख जातीच्या रकान्यावरून होत आली, तिथेही सतरा-अठरा वर्षांची मुले कॉलेजात एका बाकावर बसतात, एका एस.टी.ने येतात, आणि त्यांच्या मनात जे व्हायचे ते होतच असते. त्याला कोणत्याही मंडपाची परवानगी लागत नाही.

याच गावातल्या आमच्या परिचयाच्या एका घरी गेलो असता बारावीतली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ हुज्जत घालत होते. विषय होता एका जपानी चित्रमालिकेचा शेवट. या मालिकांना ॲनिमे म्हणतात. आपली तरुण पोरे त्या मोबाईलवर इंग्रजी सबटायटल वाचत पाहतात, आणि इंग्रजी वाचनाचा जेवढा सराव त्यातून होतो तेवढा शाळेच्या पुस्तकातून होत नाही, हे आमचे निरीक्षण आहे. वडील चळवळीतले. ते वैतागून म्हणाले, "अभ्यास सोडून कार्टून बघत बसतात." मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, 'सैराट' मी एकदाच पाहिला. हे तीनदा पाहिलं." का, असे विचारल्यावर म्हणाली, "इथं शेवटी कुणी मरत नाही." भाऊ लगेच म्हणाला, "पण शेवट फसलाय. त्या मिनोरीला काय भेटलं?"

या दोन वाक्यांनी आम्हाला विचारात पाडले. म्हणून ती मालिका आम्ही पाहिली.

मालिकेचे नाव 'तोरादोरा'. युयुको ताकेमिया या लेखिकेच्या कादंबरीमालेवर बेतलेली, २००८-०९ साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेली, २५ भागांची. नायक र्‍युजी. याचे डोळे बापावर गेलेले, आणि बाप होता गुंडांच्या टोळीतला. त्यामुळे चेहरा पाहूनच लोक त्याला गुंड समजतात. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाची परीक्षा होते ती कशी, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. प्रत्यक्षात हा मुलगा स्वयंपाक करणारा, घर झाडून-पुसून लख्ख ठेवणारा. आई यासुको रात्री बारमध्ये काम करते, एकट्याने मुलाला वाढवते. शेजारी श्रीमंतांची उंच इमारत उभी राहिल्याने यांच्या घरातले ऊन गेले आहे. त्याच इमारतीत तायगा नावाची मुलगी एकटी राहते. बाप पैसेवाला, पण मुलीला वाऱ्यावर सोडलेली. र्‍युजीला आवडते तायगाची मैत्रीण मिनोरी, तायगाला आवडतो र्‍युजीचा मित्र कितामुरा. दोघे ठरवतात की एकमेकांना मदत करायची. मदत करता करता, रोज एका ताटासमोर बसून जेवता जेवता, दोघांचे मन एकमेकांवर बसते. आणि मिनोरीला र्‍युजी मनातून आवडत असतोच. असा हा त्रिकोण.

मिनोरीला कळते की आपल्या मैत्रिणीचा जीव र्‍युजीत अडकला आहे. म्हणून ती र्‍युजीला बोलूच देत नाही, मागे सरते. तायगाही मिनोरीसाठी मागे सरते. म्हणजे दोघी त्याग करायला निघालेल्या. आपल्याकडचा कथाकार इथे हात जोडून उभा राहिला असता, त्यागाची आरती ओवाळली असती. ही मालिका तसे करत नाही. मिनोरी तायगाला धरून जाब विचारते, तू स्वतःच्या मनाशी खोटे का बोलतेस म्हणून. मग शाळेच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांच्या देखत ती कबूल करते की मलाही तो आवडत होता. र्‍युजी तायगाला निवडतो. मिनोरी रडते, पोटभर रडते. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सॉफ्टबॉलच्या सरावाला, पुन्हा नोकऱ्या करून पैसे साठवायला. आपले सुख कशात आहे ते मी ठरवीन, अशी तिची भूमिका आहे.

भावाचा आक्षेप आम्हाला समजतो. मिनोरी ही त्या मालिकेतली सर्वांत सरळ मुलगी आणि तिच्याच ओंजळीत काही पडत नाही. शेवटच्या भागात र्‍युजी आणि तायगा यांना फार घाईने एकत्र आणले आहे, हेही खरे. तरीही शेवट आम्हाला पटला. मिनोरी हरली ती र्‍युजीच्या मनापुढे. तिची जात, तिच्या बापाचा धंदा, तिची वस्ती यांतले काहीही मध्ये आले नाही. जो निवडणार होता तो निवडायला मोकळा होता, आणि जी हरली ती आपले हरणे मोठ्याने सांगायला मोकळी होती. प्रेमात नकार मिळणे हा अन्याय नव्हे. आमच्या तरुण मुलांनी ही गोष्ट गाठीशी बांधावी, कारण नकार पचवता न आल्याने मुलींवर ॲसिड टाकणारे, कोयता घेऊन रस्त्यात अडवणारे महाराष्ट्राने पाहिले आहेत, आणि त्यात कोणत्याही जातीची मक्तेदारी नाही.

दुसरे असे, की या मालिकेत पळून जाण्याचाही प्रसंग आहे. घरच्यांशी बिनसल्यावर र्‍युजी आणि तायगा पळून जायचे ठरवतात. मित्र मदत करतात. दोघे निघतात आणि पोचतात कुठे, तर यासुकोच्या आईवडिलांच्या घरी. यासुको स्वतः तरुणपणी पोटात मूल घेऊन घर सोडून गेलेली, वर्षानुवर्षे संबंध तुटलेले. त्या घराचे दार उघडते, आजी-आजोबा नातवाला पाहतात, तुटलेले पुन्हा जुळते. मग तायगा ठरवते की पळायचे नाही. ती आपल्या आईकडे परत जाते, एक वर्ष राहते, घर सावरते आणि शाळेच्या पदवीदानाच्या दिवशी परत येते. जिवंत परत येते.

हे वाचताना तुम्हाला 'सैराट' आठवला नसेल तर नवल. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला. पाटलाची आर्ची आणि पारध्याचा परश्या हैदराबादला पळतात, संसार मांडतात, मूल होते. आर्ची आईला फोन करते. माहेरची माणसे दारात येतात, हातात भेटवस्तू असतात. आर्ची चहा ठेवते. पुढचे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. तिथेही माहेरचे दार उघडले होते आणि इथेही उघडले. एका दारातून जेवणाचे ताट आले, दुसऱ्यातून शस्त्र.

'सैराट'चा शेवट समाधानकारक आहे काय? समाधान हा शब्दच त्याला लावता येत नाही. तो शेवट खरा आहे. दोन तास गाण्यांवर नाचणाऱ्या प्रेक्षकाला शेवटच्या काही मिनिटांत आवाज बंद करून मंजुळेंनी जागेवर बसवले. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड जसा थेट प्रेक्षकाच्या तोंडावर येतो, तसाच हा. पण त्या अंतरवालीच्या मुलीचे वाक्य आम्हाला सोडत नाही. तिने तो एकदाच पाहिला. दुसऱ्यांदा पाहण्याची तिला गरज नव्हती, कारण तो शेवट तिला पाठ होता. आपल्या मुलीला प्रेमकथेत जर फक्त आपला मृत्यूच दिसत असेल तर ती सातासमुद्रापारच्या मालिकेत जाऊन बसणारच. तिला कार्टूनच्या नावाने हिणवणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

हिंदी सिनेमाने तर आमच्या माणसाच्या मरणावर समाधानाचे दुकान थाटले. १९३६ सालचा 'अछूत कन्या' पाहा. बॉम्बे टॉकीजचा, फ्रान्झ ऑस्टेन दिग्दर्शित, देविका राणी आणि अशोककुमार यांचा. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप लहानपणापासून एकमेकांवर जीव लावून. लग्न मात्र प्रतापचे मीराशी आणि कस्तुरीचे मनूशी. हा तर त्रिकोणाचाही पुढे गेलेला चौकोन. शेवटी रेल्वेच्या रुळांवर मनू आणि प्रताप एकमेकांच्या अंगावर धावून जातात, समोरून गाडी येते, आणि ती थांबवायला कस्तुरी धावते. ती मरते. बाकी सगळे वाचतात. प्रेक्षक डोळे पुसत, हरिजनांविषयी कळवळा घेऊन बाहेर पडतो. काय सोय आहे पाहा! जो प्रश्न सोडवायचा होता तोच प्रश्न गाडीखाली घातला.

त्याच १९३६ सालच्या मे महिन्यात बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वखर्चाने छापले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आधी भाषणाला बोलावले आणि मजकूर वाचून परिषदच रद्द केली, तेच हे भाषण. त्यात त्यांनी सांगितले की सहभोजनाने जात जाणार नाही, रक्ताची सरमिसळ व्हावी लागेल, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय. आणि ते विवाह होत नाहीत कारण ज्या शास्त्रांवर लोकांची श्रद्धा आहे ती त्यांना होऊ देत नाहीत. एकाच वर्षी एकाने सांगितले की दोघांचे लग्न लागले पाहिजे, दुसऱ्याने दाखवले की अस्पृश्य मुलगी मेली म्हणजे सर्वांचे भले होते. दुसऱ्याला टाळ्या पडल्या.

२३ वर्षांनी बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. चांगल्या हेतूचा चित्रपट, नूतनचा अभिनय विसरता न येणारा. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी सुजाता, त्या घरची सख्खी मुलगी रमा आणि शिकलेला, सुधारक विचारांचा अधीर. अधीरचे लग्न रमाशी व्हावे असे मोठ्यांचे ठरलेले, अधीरचे मन सुजातावर. हा अस्सल त्रिकोण. (विटाळ मानणाऱ्या म्हातारीचे काम ललिता पवारांचे. त्या येवल्याच्या. ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, ते येवले. योगायोगच.) सुजाता रमासाठी बाजूला व्हायला तयार. मग पालक आई जिन्यावरून पडते, रक्त लागते, घरातल्या कोणाचे जुळत नाही, जुळते फक्त सुजाताचे. ती रक्त देते आणि मग तिला मुलगी म्हणून कवटाळले जाते, अधीरशी लग्नाला होकार मिळतो. सुखान्त. लोक खूश.

आम्ही विचारतो, रक्त जुळले नसते तर? आई जिन्यावरून पडलीच नसती तर? सुजाताने माणूस असल्याचा पुरावा आधी बाटलीत भरून द्यायचा आणि मग तिला तिचा अधीर मिळणार. रमाला मात्र असला कोणताही दाखला द्यावा लागला नाही. तोरादोराची मिनोरी आणि ही सुजाता शेजारी उभ्या करा. मिनोरीला काहीच मिळाले नाही आणि सुजाताला सर्व मिळाले. तरी मिनोरीचा शेवट आम्हाला मानाचा वाटतो आणि सुजाताचा अपमानाचा. कारण आपल्या त्रिकोणात तिसऱ्या कोनात माणूस बसलेलाच नसतो. तिथे जात बसलेली असते. र्‍युजीला मिनोरीला नाही म्हणता येते, पण जातीला नाही म्हटले की ती रडून दुसऱ्या दिवशी सॉफ्टबॉल खेळायला जात नाही.

'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' २०१८ साली आला. त्यात उदयपूरचे राजवाडे, तलाव, नटलेली गाणी. जातीचा उच्चार जवळजवळ पुसलेला. पण खून मात्र तसाच ठेवला, फक्त मरणारे बदलले. जात वगळून खून ठेवला म्हणजे खुनाचे कारणच वगळले. त्याच वर्षी तमिळमध्ये मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाल' आला, निर्माते पा. रंजित. दलित कायदा विद्यार्थी, सवर्ण मैत्रीण, आणि त्याला मारण्यासाठी घरच्यांनी पाठवलेला माणूस. त्याचा शेवट मात्र पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. नायक मरत नाही, लग्नही होत नाही. तो मुलीच्या बापासमोर ताठ उभा राहून सांगतो की तुम्ही बदलल्याशिवाय काही बदलणार नाही. आणि पडद्यावर राहतात बाकावरचे दोन ग्लास, एक काळ्या कॉफीचा, एक दुधाच्या चहाचा, मध्ये एक फूल. प्रेमिक एकत्र आले नाहीत तरी शेवट समाधान देऊ शकतो, हे आमच्याच मातीतल्या माणसाने दाखवले. मरणाशिवायही खरे सांगता येते. मराठी दिग्दर्शकांनी याचा अभ्यास करावा.

कथा-चित्रपटाचे एवढे मनावर कशाला घ्यायचे, असे म्हणणाऱ्यांनी अंतरवालीपासून फार लांब जाऊ नये. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासा तालुक्यातल्या सोनईत मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली, कारण एकाचे सवर्ण मुलीशी असलेले प्रेम. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने त्यात सहा जणांना दोषी धरले. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या आमच्या शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवले. सवर्ण मुलीशी बोलतो हा गुन्हा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फितूर झाले होते. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मराठवाड्यातच, नांदेडला, एका बौद्ध तरुणाचा खून झाला. प्रेयसीच्या वडिलांवर आणि भावांवर आरोप आहे. त्या मुलीने अंत्यसंस्कारापूर्वी त्याच्या मृतदेहाशी लग्न लावले आणि त्याच्या घरी राहायला गेली. तो व्हिडिओ देशभर फिरला, लोकांनी त्याखाली रडण्याची चिन्हे टाकली, गाणी जोडली. पुन्हा तेच. आमच्या माणसाच्या मरणानंतर प्रेम अमर झाल्याचे समाधान! त्या मुलीच्या धैर्याला आमचा जयभीम आहे. पण तिला प्रेताशी लग्न लावावे लागले यात कसलेही सौंदर्य शोधू नका.

आता जपानकडे. त्या मालिकांतले जग फार स्वच्छ दिसते म्हणून जपान म्हणजे जातमुक्त भूमी असा समज आमच्या मुलांनी करून घेऊ नये. जपानमध्ये बुराकू समाज आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, खाटकाचा धंदा करणे यामुळे शतकानुशतके अपवित्र ठरवलेला. चेहरा तोच, भाषा तीच, धर्म तोच, तरी वस्तीवरून ओळख. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत त्यांनी सुइहेइशा ही आपली मुक्तिसंघटना उभी केली. आपला महाड सत्याग्रह १९२७ चा. १९७५ साली जपानमध्ये उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना गुपचूप विकल्या जात आहेत, नोकरीला घेताना माणूस त्या वस्तीतला तर नाही ना हे पाहण्यासाठी. आणि लग्नाआधी खासगी गुप्तहेर लावून मुलाचे-मुलीचे मूळ गाव शोधण्याची रीत तर जुनीच. सोयरिकीआधी 'पाहुणे कोणते' असे आडून विचारणारे आपले मध्यस्थ त्यापुढे साधेभोळे म्हणायचे.

तोसोन शिमाझाकी यांची १९०६ सालची 'हाकाइ' ही कादंबरी याच समाजातल्या शिक्षकाची. बापाने शपथ घातलेली असते की आपला जन्म कोणाला सांगायचा नाही. शेवटी तो वर्गात मुलांसमोर सांगतो, पण कसा? गुडघे टेकून, क्षमा मागत. आणि मग देश सोडून अमेरिकेत टेक्सासला जायला निघतो. त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी आहे, सांगितल्यानंतरही ती पाठ फिरवत नाही. जपानी साहित्यात या कादंबरीचे मोठे नाव. पण बुराकू चळवळीने सवाल केलाच, की आमच्या माणसाने जन्माबद्दल माफी का मागायची? शेवटावर भांडण करणारे आम्ही एकटेच नाही, हे यासाठी सांगितले. तोरादोराच्या शाळेत बुराकू मूल एकही नाही. म्हणजे असेल, पण सांगत नसेल. तिथे मन मोकळेपणाने निवडते कारण कथेने कुंपण दाखवायचेच नाही असे ठरवले आहे. तरीसुद्धा कुंपण नसलेले जग कसे दिसेल हे एका सतरा वर्षांच्या मुलीला पाहायला मिळाले, तर त्याचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. बेगमपुरा संत रविदासांनीही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या घरातले त्रिकोण कसे सुटतात? वधू-वर मेळाव्यात 'बौद्ध' एवढेच लिहून भागते काय? पोटजात विचारली जाते, आडून विचारली जाते, पण विचारली जाते. धर्मांतरित महार कुटुंबातली मुलगी मातंगाच्या मुलाशी लग्न करते म्हटल्यावर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखालीच किती घरांत आवाज चढतात? मुलगा सवर्ण मुलगी घेऊन आला तर आपण त्याला क्रांती म्हणतो, पेढे वाटतो. मुलीने तेच केले की 'समाजाबाहेर गेली'. ज्या बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्यांच्या नावाने जयजयकार करणाऱ्यांच्या उंबऱ्यावर हे चालते. सवर्णांच्या हातात तलवार आहे, आपल्या हातात अबोला आहे. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. पण अबोल्यानेही मुली मोडतात.

सरकारची तऱ्हा निराळीच. एका हाताने आंतरजातीय जोडप्याला ५० हजारांचे प्रोत्साहन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने पाळत ठेवायची. १३ डिसेंबर २०२२ रोजी राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांची माहिती घ्यायला, मुलीच्या माहेराशी 'समन्वय' साधायला समिती नेमली. टीका झाल्यावर दोन दिवसांत आंतरजातीय हा शब्द काढला, आंतरधर्मीय ठेवला. माहेराशी समन्वय! आर्चीच्या माहेरचे समन्वय साधायलाच आले होते.

खरी गरज दुसरीच आहे, आणि तिला कायद्याचा आधार आहे. २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात खाप, पंचायत किंवा जमाव यांना तोंड घालण्याचा अधिकार नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात सुरक्षित निवारा आणि पोलिसांचा विशेष कक्ष असावा, असे निर्देशही दिले. निर्देश कागदावर असून चालत नाही. रात्री अकरा वाजता घरातून निघालेल्या मुलीला तो निवारा कुठे आहे हे माहीत असावे लागते.

विशेष विवाह कायद्याने लग्न करणाऱ्या जोडप्याला ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. मारेकऱ्याला पत्ता कळायची सोय कायद्यानेच केली आहे. ती तरतूद रद्द व्हावी ही मागणी दिल्लीपर्यंत न्यावी लागेल, त्याला वेळ लागेल. तोवर ज्या फलकावर जोडप्याचे नाव लागते त्याच फलकावर, आणि अंबड, वडीगोद्री, जालन्याच्या एस.टी. स्थानकांत व महाविद्यालयांत, जिल्ह्याच्या विशेष कक्षाचा फोन नंबर आणि निवाऱ्यासाठी कोणाला भेटायचे ते ठळक मराठीत लिहिलेले असावे. जालना जिल्ह्यातल्या आमच्या कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना याचे निवेदन द्यावे, पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांनी फलक लागला की नाही ते पाहायला स्वतः जावे. जाताना घरातल्या मुलीला सोबत न्यावे.